गाऱ्हाण्यातलं शेवटचं वाक्य

मोहन, तुझी ती हँडल फिरवून वर-खाली होणारी खाट आज दोन माणसं येऊन घेऊन गेली. भाड्याची होती, जाणारच होती. लिफ्टमध्ये आडवी मावेना, उभी मावेना, मग जिन्याने अकरा मजले उतरवली. तुझ्या बहिणीने, सुनंदाने, ती जागा पुसून घेतली, पण तिथे पुन्हा खुर्ची मांडली नाही. मीही मांडली नाही. हॉल एकदम मोठा वाटायला लागलाय.

लोक भेटायला येतात, चहा घेतात आणि उठताना म्हणतात, सुटला बिचारा. ते ऐकलं की मला तुझं तोंड आठवतं. तू म्हणाला असतास, सुटला म्हणायला सगळे आहेत, सोडवायला कोण आलं होतं? तुझं हे बोलणं मला तेव्हाही मान्य नव्हतं, आताही नाही. फक्त आता समोर तू नाहीस आणि एकट्याने भांडायची मला सवय नाही. म्हणून लिहितोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, जन्म गेला साकीनाक्याला लेथवर. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस.

मेव्हणा म्हणून तू मला लग्नातच मिळालास. त्यात निवड नसते. बहीण देवभोळी आणि भाऊ देव न मानणारा, असं ते घर. तू औषधांच्या कंपनीत पॅकिंगला, वर युनियनचा पुढारी, लग्न न केलेला, दहिसरला नदीजवळच्या चाळीत एकटा राहणारा. दर रविवारी जेवायला आमच्याकडे. आलास की आधी पेपरातलं काहीतरी काढायचास आणि मी ते खोडून काढेपर्यंत तुला घास जायचा नाही. सुनंदा म्हणायची, तुमच्या दोघांच्या भांडणात माझा भात गार होतो.

चाळीचा गणपती असो नाहीतर आता बिल्डिंगमधली पूजा, गाऱ्हाणं घालायचं मीच. माझ्यासारखं गाऱ्हाणं इकडे कांदिवलीत कुणाला येत नाही. देवासमोर उभं राहून एकाने सगळ्यांच्या वतीने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय महाराजा" म्हणून जोर द्यायचा, ही आपली कोकणातली रीत. तू येऊन मागे उभा राहायचास, हात पाठीशी बांधून. इतक्या वर्षांत एकदाही तुझ्या तोंडून "व्हय महाराजा" निघालं नाही. प्रसादाला मात्र पहिला नंबर. मी एकदा टोकलं तर म्हणालास, "भावोजी, शिऱ्यात देव नसतो. तूप असतं."

तुझं दुखणं अन्ननलिकेचा कॅन्सर निघालं तेव्हा तू रडला नाहीस. डॉक्टरला विचारलंस, किती पसरलाय. त्याने सांगितलं. परत येताना रिक्षात तू मला म्हणालास, आता माझ्याशी भांडायची घाई करा. मी म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस. हे माझं तुझ्या आजारातलं पहिलं वाक्य.

दहिसरची खोली बंद करून तुला इकडे आणला. पोटात नळी बसवली, त्यातून पातळ अन्न जायचं. सुनंदाने घरात मासे करायचं बंद केलं. तुला कळल्यावर तू चिडलास. तिला म्हणालास, "ताई, माझा घसा गेलाय, नाक गेलेलं नाही. कोळंबीचं तिखलं कर." तिने केलं. तू खाटेवर बसून वास घेतलास आणि आम्ही खाली मान घालून जेवलो. मीठ कमी पडलंय, एवढं तू वासावरून सांगितलंस. खरंच कमी होतं.

मग तुझा तो विषय सुरू झाला. सुरू कसला, तो तुझा जुनाच. बाहेरच्या देशांत कायदा आहे, बरा न होणारा माणूस स्वतः मागेल तर डॉक्टर त्याला मरायला मदत करतो, हे तू धडधाकट असतानाच पेपरातून वाचून दाखवायचास. तेव्हा तो गप्पांचा विषय होता. आता तू अंथरुणात पडून तेच बोलायला लागलास. आवाज बसत चाललेला, पण हट्ट तसाच.

म्हणायचास, आपल्याकडे कोर्टाने अर्धंच दिलं. मशीन नको म्हणायचा हक्क आहे, सुई मागायचा नाही. "म्हणजे बघा भावोजी, नळी काढून हळूहळू जाऊ दिलं तर तो माझा हक्क. तेच एका मिनिटात केलं तर खून. माणूस दोन्हीकडे मेलाच ना?"

मी म्हटलं, फरक आहे. ढकलणं वेगळं आणि हात सोडणं वेगळं.

तू म्हणालास, कड्याच्या टोकावर उभं असलेल्याला विचारा.

माझं म्हणणं तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण तू ते नीट ऐकून कधी घेतलं नाहीस. माझी आई चाळीतल्या खोलीत माळ्याखाली पडून होती. एक खोली, आम्ही नऊ माणसं. ती रोज म्हणायची, देवा मला ने. आणि पुढच्या मिनिटाला विचारायची, आज मासळीबाजारात पेडवे मिळाले का. उद्या सुईचा कायदा आला, तर तिचं पहिलं वाक्य ऐकणारे पुष्कळ निघतील आणि दुसरं कुणी ऐकणार नाही. जिथे पाय पसरायला जागा नाही तिथे म्हातारं माणूस स्वतःच म्हणायला लागतं, माझं आटपा. त्याच्या मनात असो नसो. ती मर्जी त्याची नसते, खोलीची असते. मोठ्या बंगल्यातल्यांनी मागावी सुई. आपल्यासारख्यांच्या हातात ती येता कामा नये.

यावर तू काय म्हणालास ते मला अजून टोचतं. "मग खोली मोठी करा ना. गरीब आहे म्हणून जगायला जागा नाही, आणि गरीब आहे म्हणून मरायची परवानगीपण नाही. हा कुठला न्याय?" आणि वर, "आईला कधी विचारलंत, ती खरंच म्हणतेय का?"

मी म्हटलं, ही काय विचारायची गोष्ट आहे? पेडवे आणले, तिने खाल्ले. तेच उत्तर.

तू डोळे मिटलेस. भांडणात तू डोळे मिटलेस की मी जिंकलो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आता नक्की माहीत नाही.

घरी येणाऱ्या डॉक्टर मॅडम तुला आवडायच्या. वयाने लहान, पण बोलायला सरळ. दुखणं वाढलं तसं त्या मॉर्फिन वाढवत गेल्या. एकदा तू त्यांना सुनंदादेखत विचारलंस, द्याल का एकदाच काय ते. सुनंदा ताडकन उठून आत गेली. मॅडम उठल्या नाहीत. स्टूल जवळ ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "काका, ते मला देता येत नाही. कायद्याने आलं असतं तरी मी दिलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. पण मी तुम्हाला ढकलणार नाही आणि ओढूनही धरणार नाही. दुखलं तर कधीही फोन करा."

त्या गेल्यावर मी म्हटलं, बघ, मी हेच सांगत होतो. तू म्हणालास, त्यांनी सांगितलं. तुम्ही ओरडत होता.

तुझा आवाज पूर्ण जायच्या आधी तुला ते लिव्हिंग विल करायचं होतं. अगदीच वेळ आली तर मशीन लावायचं नाही, हॉस्पिटलात न्यायचं नाही. बोरिवलीचा नोटरी घरी आला, खालच्या मजल्यावरचे दोघे साक्षीदार. तू बोलू शकला नाहीस तर तुझ्या वतीने कोण सांगणार, तिथे तू माझं नाव घातलंस. मी सगळ्यांसमोर म्हटलं, अरे मी तुझ्या विरोधातला माणूस. ताईचं घाल.

नोटरी गेल्यावर तू मला समजावलंस. ताई रडेल आणि डॉक्टर सांगेल त्याला हो म्हणेल. "तुम्हाला कुणी काही करा म्हटलं की तुम्ही नाही म्हणता. डॉक्टर म्हणेल मशीन लावा, तुम्ही नाही म्हणाल. माझं काम होईल." मला राग आला आणि हसूही आलं. मी शब्द दिला. मशीन नको हे मला पटतच होतं. तेवढ्यापुरतं आपलं एकमत होतं, ते दोघांनीही मोठ्याने कबूल केलं नाही.

मग ते गाऱ्हाण्याचं. हे लिहायला मी इतकं मागे-पुढे केलं.

एका संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावत होतो. तू टाळी वाजवून बोलावलंस, तेव्हा तुझी हाक टाळीवरच आली होती. कान तोंडाजवळ नेला तर म्हणालास, "माझ्यासाठी एक गाऱ्हाणं घाला."

मी म्हटलं, रोजच मागतोय, तू बरा व्हावास म्हणून.

"ते नको. मला ने म्हणून घाला."

मी सरळ नाही म्हटलं. गाऱ्हाण्यात देवाकडे दे म्हणून मागतात. पोराला नोकरी दे, आजाऱ्याला उठव, वाकडं बोलणाऱ्याला सुबुद्धी दे. ने म्हणून कुणी मागत नाही. माझ्या बापाने घातलं नाही, त्याच्या बापाने घातलं नाही. आणि तू तर मानतच नाहीस. तुला कशाला हवंय?

तू बराच वेळ श्वास गोळा केलास. मग जे बोललास ते मी जसंच्या तसं लिहितो. "मी नाही मानत, पण तुम्ही मानता. त्याच्यापुढे तुम्ही खोटं बोलत नाही. मला जाऊ द्यायला तुम्ही तयार आहात का, ते मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी दिवा लावला, देवाला नमस्कार केला आणि नाक्यावर जाऊन उगाच उभा राहिलो.

पुढल्या सोमवारी घातलं. तुला सांगितलं नाही, नुसता नारळ ठेवला आणि तुझी खाट वर केली, तेव्हाच तू समजलास. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात. तिला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती.

मी सुरू केलं. बा देवा महाराजा. कुळाचं नाव घेतलं, गावाचं घेतलं, देवाला पत्ता नीट कळावा म्हणून बिल्डिंग आणि मजलापण सांगितला. "आज जो काय ह्यो मोहन, तुझो लेकरू, अंथरुणार पडलो हा, तेका जो काय त्रास होता हा, तो तू बघतंस. आता तेका अडकवन ठेव नको. तेका मोकळो कर रे महाराजा."

सुनंदाने तोंड उघडलं नाही. तू माझ्याकडे बघत होतास. आणि तिथेच मी थांबायला हवं होतं. पण जिभेला सवय. सगळ्या जन्मात प्रत्येक गाऱ्हाणं ज्या वाक्यावर संपवलं ते आपसूक बाहेर आलं. "आणि फुडल्या वर्साक सगळ्यांका असाच हय एकत्र आण रे महाराजा."

"व्हय महाराजा," दारातून सुनंदा म्हणाली. एवढ्या जोरात की शेजारच्यांनी दार उघडलं असेल.

मला कळलं तोपर्यंत झालं होतं. एका हाताने तुला मोकळा कर म्हटलं आणि दुसऱ्या हाताने अजून एक वर्ष मागून ठेवलं. तू हसायला लागलास. आवाज नसलेलं हसू, नुसते खांदे हलत होते, मग खोकला, मग डोळ्यांतून पाणी. सुनंदाही हसली, पदर तोंडाला लावून. मी एकटाच नारळ हातात घेऊन उभा. तू मला जवळ बोलावून म्हणालास, "भावोजी, अर्ज बाद झाला. दुसरा टाका."

मी म्हटलं, एकदा घातलेलं गाऱ्हाणं मागे घेत नाहीत. देव काय म्हणेल, ह्याचं एक ठरत नाही?

त्यावर तू माझी रोज फिरकी घेतलीस. सकाळी डोळे उघडले की मला बोटाने खूण करायचास, अजून इथेच आहे. डॉक्टर मॅडमना तू लिहून दाखवलंस, माझ्या भावोजींनी मला एका वर्षाची मुदतवाढ मिळवून दिली आहे, कृपया औषध त्या हिशेबाने द्या. त्या हसल्या. मी चिडायचो. पण मोहन, खरं सांगतो, तुझ्या आजारातले ते दिवस मला बरे गेले. तू दुखण्यातही मजा घेत होतास, आणि सुनंदाला वाटत होतं की तिचं "व्हय महाराजा" लागू पडतंय.

मग ती मजाही गेली. औषध पुरेना, जागेपणी तू कण्हायचास. तुझ्या डोळ्यांत ओळख यायची आणि जायची. खूण करायचं तू बंद केलंस.

ती सकाळ. दूध येऊन गेलं होतं. तुझा श्वास वेगळा लागला, घरघर आणि मध्ये लांब खंड. सुनंदा धावली आणि तिने फोन उचलला, ॲम्ब्युलन्सला. मी तिच्या हातावर हात ठेवला. ती म्हणाली, सोडा. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, माझा भाऊ आहे तो. मी म्हटलं, म्हणूनच त्याने माझं नाव घातलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने माझ्याकडे कधी असं बघितलं नव्हतं. मी हात काढला नाही. डॉक्टर मॅडमना मी फोन केला. त्या म्हणाल्या, निघालेच, तोपर्यंत जिभेखाली मॉर्फिनचे थेंब द्या आणि एका कुशीवर करा. दिले. तुझं कपाळ सैल झालं.

मग मी देवापुढे उभा राहिलो. नारळ नव्हता, आंघोळ झाली नव्हती. बा देवा महाराजा. कूळ, गाव, बिल्डिंग, मजला. "ह्यो मोहन तुझो लेकरू. तुका मानीत नाय, पण कोणाचा वायट केल्यान नाय. खूप सोसल्यान. आता तेका ने रे महाराजा."

ने म्हटलं. तुला ऐकायचं होतं ते हेच. तू ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. मॅडम नंतर म्हणाल्या, कान शेवटपर्यंत चालू असतात. मी ते धरून आहे.

आणि मग ते शेवटचं वाक्य जिभेवर आलं. पुढल्या वर्षीचं. मी दात आवळले. सुनंदा खाटेच्या कडेला तुझे पाय धरून बसली होती, ती वाट बघत होती. त्या वाक्याची तिला माझ्याइतकीच सवय. मी बोललो नाही. तुझा एक श्वास आला, गेला. मग दुसरा. तिने माझ्याकडे बघितलं, मी नाही बोलणार हे तिला कळलं. मग तिने मान खाली घातली आणि हळू, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "व्हय महाराजा."

मॅडम आल्या तोवर तू गेला होतास.

तू सांगून ठेवलं होतंस त्याप्रमाणे दहावं, बारावं काही केलं नाही. नातेवाईक नाराज आहेत. असू देत. सुनंदाने काल पहिल्यांदा मासे केले, मीठ बरोबर होतं. माझ्याशी ती बोलते, पण त्या सकाळपासून फोन मात्र आतल्या खोलीत, स्वतःजवळ ठेवते. कधीतरी आणून बाहेर ठेवेल.

आता तू म्हणशील, आला म्हातारा माझ्या बाजूला. तर तसं काही नाही. सुईला माझा विरोध कालही होता, आजही आहे, आणि कुणी विचारलं तर उद्याही सांगेन. माझ्या आईला विसरून मला हो म्हणता येत नाही. मी तुला काही दिलं नाही. एक वाक्य बोललो नाही, इतकंच.

तू म्हणशील, तेच तर कोर्ट म्हणतं, भावोजी. अर्धं.

म्हण. बिल्डिंगची पूजा जवळ आली आहे, गाऱ्हाणं मलाच घालायचं आहे. ते वाक्य सगळ्यांसाठी म्हणावं लागेल, पुढल्या वर्षी सगळ्यांना असंच एकत्र आण म्हणून. म्हणेन मी. फक्त मागे बघणार नाही. तिथे तू हात पाठीशी बांधून उभा असायचास.